हलू नका, फोटो निघतोय

कॉलेजात इमेज प्रोसेसिंगची एक असाइनमेंट होती. एका लांबट काचेच्या निगेटिव्हचं स्कॅन दिलेलं, त्यावर एकाखाली एक असे एकाच दृश्याचे तीन कृष्णधवल फोटो. वरचा निळ्या फिल्टरमधून घेतलेला, मधला हिरव्या, खालचा लाल. तिन्ही एकमेकांवर नेमके बसवले की रंगीत फोटो तयार. कोड चालला आणि स्क्रीनवर तीन मुली आल्या. मागे लाकडी घर, अंगात भडक झगे, हातात बेरींच्या ताटल्या. साल १९०९, जागा उत्तर रशियातल्या किरिलोव गावाजवळची.

फोटो काढणारा सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की. झार निकोलस दुसरा याने त्याला डार्करूम असलेला रेल्वेचा डबा दिला होता, हवं तिथे जायचे परवाने दिले होते. काम एकच, साम्राज्य रंगात टिपून आणायचं. त्या वर्षी तो व्होल्गा नदीला बाल्टिक समुद्राशी जोडणाऱ्या मारिइन्स्की जलमार्गावर फिरत होता.

त्याच्या तंत्रात एक अडचण होती. तीन फोटो एका क्षणात निघत नसत, एकामागून एक निघत. तेवढ्यात कुणी हललं, तर तिन्ही जुळत नाहीत आणि त्या माणसाच्या कडेला लाल-हिरवी-निळी झालर उमटते. वाहत्या पाण्यावर तर इंद्रधनुष्यच पसरतं. म्हणून काम करणाऱ्यांना आधी काम थांबवावं लागे.

हे कळल्यावर ते फोटो वेगळे दिसायला लागले. गवत कापणारी माणसं विसाव्याला थांबलेली भेटतात. पिंकुस कार्लिन्स्की भेटतो. नोंदीत लिहिलंय: वय ८४, नोकरी ६६ वर्षं, चेर्निगोव पाणदरवाजाचा देखरेख्या. म्हणजे हा माणूस अठराव्या वर्षी कामाला लागला. एवढ्या वर्षांच्या राबण्यातून कॅमेऱ्याला मिळाले ते काही स्तब्ध सेकंद.

पहिल्या महायुद्धात प्रोकुदिन-गोर्स्की आणखी उत्तरेला, मुर्मान्स्कच्या नव्या रेल्वेमार्गावर गेला. बाल्टिक आणि काळा समुद्र शत्रूने अडवलेले, त्यामुळे दोस्तांची रसद बर्फ न साचणाऱ्या मुर्मान्स्क बंदरातून आणायची होती. सुमारे हजार किलोमीटरचा हा मार्ग १९१५-१६ मध्ये घाईघाईने उभा राहिला. त्यासाठी युद्धकैद्यांना जुंपलं होतं. थंडी, स्कर्व्ही आणि टायफसने त्यांतले हजारो मेले. एका फोटोत ऑस्ट्रियन कैद्यांचा गट बराकीपाशी उभा आहे. रंग इतके ताजे, की माणसं कालचीच वाटतात. पण या बराकीत रात्र कशी जायची, हे त्या रंगांतून कळत नाही. सरकारी परवान्यावर फिरणाऱ्या कॅमेऱ्यासमोर माणसं नीट उभी राहिली, एवढंच कळतं.

१९१८ मध्ये प्रोकुदिन-गोर्स्कीने देश सोडला, १९४४ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. त्याच्या काचा १९४८ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने वारसांकडून विकत घेतल्या. आज त्या कुणालाही ऑनलाइन पाहता येतात.

असाइनमेंटमध्ये मी त्या रंगीत कडांना एरर समजून पुसत होतो. आता फोटो उघडला की आधी तिथेच झूम करतो. कुणाचा हात थरथरला असेल, कुणी वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलं असेल, कुणाला थांबून कंटाळा आला असेल. सांगूनही ज्यांना पूर्ण स्तब्ध राहता आलं नाही, त्यांची एवढीच खूण उरली आहे.