इगर्जीला किती वेळा?

आपल्या गोव्यात रविवारची मीस चुकवायची नाही, हा कॅथलिकांचा नियम. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर ह्या मराठी मुलखाविषयी वाचताना मला वेगळा हिशेब सापडला. हा मुलूख २०२३पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होता, आणि त्या जिल्ह्यात स्वीडिश मिशनऱ्यांनी ल्यूथरन चर्च रुजवले.

१२१५च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन व कम्युनियन सक्तीचे केले होते. ल्यूथरने १५२९मध्ये लिहिले, प्रभुभोजन वर्षातून निदान चारदा तरी घ्यावे. पण कोणावर सक्ती करू नये.

आपल्याकडे १५६०मध्ये इन्क्विझिशन आले, धर्म धाकाने पाळायची वेळ आली. १८१२त ते कायमचे बंद झाले. तरी रविवारी इगर्जी भरतातच. मला वाटते, ल्यूथरचे म्हणणे इथेच खरे ठरले.