एकच प्रत

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी दौंडहून मामेभावाचा फोन आला.

"दादा, लॅपटॉप कटकट करायला लागलाय."
"म्हणजे हँग होतोय का?"
"नाय, खरंच कटकट. आतून आवाज येतोय."

हार्डडिस्कमधून असा आवाज यायला लागला की फार वेळ उरलेला नसतो. त्याला म्हटलं, आधी बंद कर आणि मी येईपर्यंत चालू करू नकोस. पुण्याहून दुपारची गाडी पकडली. बॅगेत एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह टाकला.

लॅपटॉप २०११ सालचा, विंडोज सेव्हन, ३२० जीबीची डिस्क. त्यावर सी, डी आणि ई, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे. सी म्हणजे विंडोज, डी म्हणजे कामाचं, ई म्हणजे गाणी, सिनेमे आणि घरचे फोटो. याच्या ई ड्राइव्हवर मात्र दोन मौल्यवान गोष्टी होत्या. एक म्हणजे आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, तिच्या शेवटच्या वर्षात आम्ही रेकॉर्ड केलेल्या. दुसरी म्हणजे मामांच्या ट्रंकेतल्या कागदांचे स्कॅन. मामा राहतात शिरूर तालुक्यात. एका पावसाळ्यात घर गळलं, ट्रंकेत पाणी गेलं आणि मूळ कागदांचा लगदा झाला. म्हणजे दोन्ही गोष्टींची जगात एकच प्रत, आणि ती कटकट करणाऱ्या डिस्कवर!

"मी बॅकअप घेतला होता ना दिवाळीत," भाऊ म्हणाला. पाहिलं तर एका जुन्या पेनड्राइव्हवर 'सी', 'डी', 'ई' अशी तीन फोल्डर्स. सी मधल्या अर्ध्या फाइल्स विंडोजने कॉपीच करू दिल्या नव्हत्या. ई चं फोल्डर जागा संपल्यामुळे मध्येच तुटलेलं. नेमक्या ओव्या आणि कागद त्यात नव्हते.

इथे जरा डिस्क म्हणजे काय ते सांगतो. मुद्दा पुढे लागणार आहे.

डिस्कवर सी, डी, ई अशा भिंती बांधलेल्या नसतात. डिस्क म्हणजे एक सलग माळरान. त्याची वाटणी कशी झाली हे एका कागदावर लिहिलेलं असतं, आणि तो कागद म्हणजे डिस्कचा पहिला सेक्टर, फक्त ५१२ बाइट्सचा. त्यातले ४४६ बाइट्स मशीन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे, ६४ बाइट्स वाटणीच्या तक्त्याचे आणि शेवटचे २ बाइट्स सही-शिक्क्यासारखे. ६४ बाइट्समध्ये १६ बाइट्सच्या चारच नोंदी मावतात, म्हणून मुख्य पार्टिशन्स चारच. ही पद्धत आली १९८३ साली, आयबीएमच्या पीसी एक्सटी आणि डॉस २.० बरोबर. त्या मशीनची डिस्क होती १० एमबीची, आज मोबाइलवरचे दोन-तीन फोटो! एवढ्याशा डिस्कची वाटणी कशाला? तर एकाच डिस्कवर डॉससोबत दुसरी एखादी ऑपरेटिंग सिस्टीम सुखाने नांदावी म्हणून. पुढे १९८७ साली डॉस ३.३ मध्ये एक्स्टेंडेड पार्टिशन आलं, म्हणजे वाटणीतली पोटवाटणी.

आता गंमत बघा. तुम्ही सी, डी, ई उघडून फाइल्स कॉपी करता तेव्हा हा वाटणीचा कागद कॉपी होतच नाही. विंडोज सेव्हनने सुरुवातीला १०० एमबीचं एक लपलेलं पार्टिशन केलेलं असतं, तेही येत नाही. उद्या नव्या डिस्कवर ती फोल्डर्स टाकली तर मशीन सुरूसुद्धा होणार नाही. धान्य नेलं, पण सातबारा मागेच राहिला.

आणि त्या १९८३ च्या पद्धतीतली सगळ्यात मोठी खोट म्हणजे हा तक्ता डिस्कवर एकाच जागी असतो. तो सेक्टर गेला की सगळा डेटा जागच्या जागी शाबूत असूनही मशीनला डिस्क कोरी दिसते.

म्हणून फाइल्सच्या नादी न लागता पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत अख्खी डिस्क जशीच्या तशी उचलायची ठरवलं. लिनक्सवर यासाठी डीडी नावाची आज्ञा आहे, १९७० च्या दशकातल्या युनिक्सपासूनची. तिच्यात कुठून आणि कुठे हे दोन शब्द उलटे पडले तर कोरी डिस्क भरल्या डिस्कवर उतरते! आमची डिस्क आजारी होती म्हणून तिचा भाऊबंद डीडीरेस्क्यू वापरला. तो आधी सोपा भाग भराभर उचलतो, अडलेले सेक्टर एका नकाशा-फाइलीत टिपून ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे पुन्हा वळतो. एक्स्टर्नल डिस्क फॅट३२ होती. तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून ती आधी फॉरमॅट केली. कुठून आणि कुठे तीन वेळा तपासलं आणि रात्री साडेनऊला एंटर दाबलं. यूएसबी २ च्या वेगाने धडधाकट डिस्कला तीनेक तास लागले असते. इथे रात्र जाणार हे दिसतच होतं.

भाऊ झोपला. मी वाचत बसलो.

ट्रंकेतल्या कागदांत पणजोबांच्या वेळचा एक कर्जरोखा आहे, फिटल्यावर परत मिळालेला. सहीच्या जागी नांगराची निशाणी, कारण पणजोबांना लिहिता येत नव्हतं. स्कॅन करताना मामा म्हणाले होते, "हा कागद घरात आला त्या दिवशी जेवणात गोड केलं होतं म्हणे." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. त्या रात्री १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांबद्दल वाचताना कळला. शाळेत आपण ते दोन ओळींत शिकतो, 'शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला', झालं. पण हा उठाव पेटला तो याच भागात, आणि तो सगळा कागदांवरून होता.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध होतं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच सारावाढ झाली. कर्ज मात्र राहिलं.

आता कागदांचं बघा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी नसलेल्या रोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता, व्याज साचत जाऊ नये. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा, ज्यात जुनं मुद्दल अधिक व्याज हेच नवं मुद्दल! आपल्या भाषेत सांगायचं तर जुन्या फाइलवर नवी फाइल ओव्हरराइट. मूळ किती घेतलं, मध्ये किती फेडलं याचा माग पुसला जायचा. फेडलेल्या पैशांची पावती मिळत नाही, न घेतलेले आकडे वहीत चढतात, या तक्रारी शेतकऱ्यांनी पुढे चौकशी आयोगासमोर मांडल्या. रोखा सावकाराच्या घरी, वही सावकाराच्या घरी, आणि कुळाकडे काय? आठवण! कोर्टात कागद विरुद्ध आठवण असा सामना झाल्यावर कोण जिंकणार?

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी ठिणगी पडली. काळूराम नावाच्या सावकाराने गावच्या देशमुखांविरुद्ध दीडशे रुपयांच्या आसपासचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं राहतं घर पाडायला काढलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. शेतात मजूर मिळेना, हजामतीला कोणी येईना. ही हवा आसपासच्या गावांत पसरली. मग १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारच्या दिवशी भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. आजच्या दौंड-बारामतीचा बराच भाग या भीमथडीत यायचा. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव हेच घडलं.

सुप्यात दुकानं आणि घरं लुटली गेली, काही ठिकाणी जाळपोळ झाली, आणि ज्यांच्यावर जमाव चालून आला त्या कुटुंबांचे ते दिवस कसे गेले असतील ते सांगायला नको. पण आयोगाने एक गोष्ट स्पष्ट नोंदवली आहे. जमावाला हवे होते रोखे आणि हुकूमनामे. सावकाराने ते मुकाट्याने दिले तर बहुतेक ठिकाणी फार काही न करता लोक निघून जायचे. दिले नाहीत तर मारहाण, जाळपोळ. कागद चौकात आणून पेटवले जायचे.

हे वाचताना मी थबकलो. लुटीपेक्षा कागद जाळण्यावर भर का? कारण नोंदणी न झालेल्या रोख्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ती जळली की दावा सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. शेतकऱ्यांना हे नेमकं ठाऊक होतं. एकच प्रत, तीही एकाच्याच हातात, ही जी व्यवस्था इतकी वर्षं त्यांच्यावर उलटली होती, तिचा कच्चा दुवा त्यांनी बरोबर हेरला. सावकाराचं सगळं बळ त्या एका प्रतीत होतं आणि तिथेच त्याचा जीवही होता.

सरकारने आयोग नेमला, अहवाल आला, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. त्यात कर्जासाठी अटक बंद करणं वगैरे मोठ्या गोष्टी आहेतच. मला मात्र लक्षात राहिली ती त्यातली बॅकअप पॉलिसी! रोखा गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हायचा. मूळ दस्त सावकाराला, त्याची दाखला दिलेली नक्कल कुळाला, आणि रजिस्टरमध्ये उतरवलेली तिसरी प्रत. पैसे फेडले की पावती मागायचा हक्क, हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागायचा हक्क. शिवाय कोर्टाने नुसता शेवटचा रोखा न बघता कर्जाचा इतिहास पहिल्यापासून तपासायचा. ओव्हरराइट झालेलं रिकव्हर करायचं, असंच म्हणा ना.

आज फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१ नियम आम्ही ऑफिसात नव्या पोरांना शिकवतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. शिरूर आणि भीमथडीच्या शेतकऱ्याला हा नियम सव्वाशेहून जास्त वर्षं आधी कायद्याने मिळाला होता, आणि तो मिळण्याआधी गावंच्या गावं पेटावी लागली. त्याने कर्जबाजारीपणा संपला असं अजिबात नाही. सावकारांनी वाटा शोधल्या, गहाणखताच्या जागी खरेदीखत करून घेणं ही त्यातलीच एक. पण निदान आकडा किती यावर कुळाला कागद दाखवून भांडता यायला लागलं.

डिस्कच्या दुनियेतही सुधारणा उशिराच आली. जुन्या पद्धतीची जागा आता जीपीटी नावाच्या तक्त्याने घेतली आहे. त्यात वाटणीच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवतात आणि दोन्ही प्रती शाबूत आहेत का ते तपासायला एक आकडाही असतो. छानच. पण दोन्ही प्रती त्याच डिस्कवर! डिस्क पडली की दोन्ही गेल्या. सावकाराने दोन वह्या एकाच पेटीत ठेवण्यासारखं झालं.

सकाळी सव्वासातला कॉपी थांबली. काही सेक्टर गेले ते गेलेच. पहिला सेक्टर नशिबाने शाबूत होता, त्यामुळे इमेज उघडल्यावर चारही पार्टिशन्स जागच्या जागी दिसली. सी मधलं काहीबाही तुटलं, त्याचं दुःख नाही. कागद सगळे उघडले. ओव्यांच्या अकरा फाइल्सपैकी दहा नीट. अकरावीत मधेच सातेक सेकंद नुसती खरखर आणि मग पुन्हा आजीचा आवाज. भावाने ती तीन वेळा लावून बघितली, जणू चौथ्यांदा ऐकू येईल.

रविवारी मोटरसायकलने चौफुला, न्हावरे करत मामांकडे गेलो. एक प्रत दौंडला, एक माझ्याकडे पुण्यात, आणि तिसरी मामांच्या हातात पेनड्राइव्हवर. शिवाय शिरूरमधून कागदांचे प्रिंट काढून नेले होते. मामा कॉम्प्युटर वापरत नाहीत. पेनड्राइव्ह त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि देवळीत ठेवला. प्रिंट मात्र एकेक करून वाचले. नांगराच्या निशाणीवर बोट ठेवून म्हणाले, "ही आता तिघांकडे आहे ना? मग झालं."

असो. तुमच्या घरी आजीचा आवाज, वडिलांचं हस्ताक्षर किंवा जुनं वाटणीपत्र असं काही एकाच डिस्कवर पडलं असेल, तर पुढचा रविवार त्याला द्या. कटकट ऐकू यायची वाट बघू नका.