तांबं, मिथेन आणि पुण्याचं एक पान

मेहरूणचा तलाव इथून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. जुन्या तलावाच्या गाळात काठी खुपसली की बुडबुडे येतात. त्यात मिथेन असतो. १७७६ साली व्होल्टाने इटलीतल्या माज्जोरे सरोवरातून हाच वायू गोळा केला. पण या वायूवर जगणारे जिवाणू आहेत, हे कळायला १९०६ उजाडलं.

मिथेन जाळणं सोपं, बेतानं मोडणं अवघड. त्यातला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे १०५ किलोकॅलरी लागतात. आणि खरी पंचाईत पुढेच आहे. एक बंध तोडून मिथेनॉल केलं, तर त्यातले कार्बन-हायड्रोजन बंध आणखी कच्चे, सुमारे ९६. म्हणजे मिथेनला जो हात घालील, तो मिथेनॉल आधी फस्त करील. शेतात शिरलेल्या बैलाला ‘एकच कणीस खा’ म्हणण्यातला प्रकार!

आपल्याकडे हा नुसता पुस्तकी प्रश्न नव्हता. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं, आणि तेलाबरोबर येणारा बराचसा वायू पुढे कित्येक वर्षं समुद्रावरच जाळला गेला. मिथेनॉल द्रव असल्याने टाकीत भरून आणता येतं. ट्रॉम्बेच्या आरसीएफमध्ये ते तयार झालंही. पण या कारखानी पद्धतीत मिथेन आधी वाफेबरोबर आठशे अंशांच्या आसपास तापवून निकेलवर मोडतात. तांबं येतं ते नंतरच्या टप्प्यात. अवघड बंध तोवर आगीने तोडलेला असतो.

जिवाणू हेच काम तांबं आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन तलावाच्या पाण्यात करतात.

१९९७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रॉबर्ट राजा आणि पॉल रत्नसामी यांनी तीच वाट धरली. निळ्या रंगात असतं त्या ताम्र-फ्थॅलोसायनिनच्या जातीचे रेणू त्यांनी झिओलाइटच्या पोकळ्यांत कोंडले आणि साध्या तापमानाला मिथेनचं मिथेनॉल केलं. ऑक्सिजनच्या जोडीला पेरॉक्साइड लागलं, हेही सांगायला हवं. तरी या इतिहासात हे पान आलंच पाहिजे, असं आम्हाला वाटतं. समजण्याआधी करता येतं, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात पटवून देताना आमची दमछाक व्हायची. इथे उदाहरण आयतंच आहे.

कारण जिवाणूच्या त्या एन्झाइमची स्फटिकरचना दिसली २००५ मध्ये, अमेरिकेत एमी रोझेन्झ्वाइग यांच्या प्रयोगशाळेत. तेव्हा तांब्याचे दोन अणू जोडीने बसलेले दिसले. २०१९ मध्ये त्याच गटाने सांगितलं, जोडी नाही. प्रत्येक जागी एकेकटाच अणू आहे.