गोंदियाचा तांदूळ आणि परदेशची बाजारपेठ

व्यापारी परदेशची बाजारपेठ स्वतः निवडतो, ही पाठ्यग्रंथांतील समजूत गोंदिया जिल्ह्याच्या भातगिरण्यांस अंशतःच लागू पडते. धान उकडून काढलेल्या उसना तांदळास बेनिनसारख्या पश्चिम आफ्रिकी देशांत व बांगलादेशात मागणी. म्हणजे उकडण्याची यंत्रसामग्री उभारतानाच गिऱ्हाईक बव्हंशी ठरून जाते. उरलेला निर्णय दिल्लीचा. २००८ ते २०११ या काळात बिगर-बासमतीची निर्यात बंदच होती. २० जुलै २०२३ रोजी पांढऱ्या तांदळावर पुन्हा बंदी आली, तेव्हा उसन्याची वाट मोकळी राहिली. परंतु २५ ऑगस्टला त्यावरही २० टक्के शुल्क बसले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते पूर्णतः उठले खरे. पण आफ्रिकेतील ग्राहक चौदा महिने वाट पाहत राहिला असे मानणे धाडसाचे होईल, कारण थायलंड व पाकिस्तान हेही विक्रेतेच आहेत.