गादी की व्रण?

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीत मणक्याचं दुखणं हाताबाहेर गेलं, की ‘घाटीत दाखवा’ असा सल्ला मिळतो. घाटी म्हणजे औरंगाबादेत १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. दोन मणक्यांमधली सरकलेली गादी काढली, काही महिने बरे गेले आणि पाय पुन्हा ठणकू लागला, तर घरचे एकच विचारतात: गादी परत सरकली का? याचं उत्तर फिल्मवर दिसायला वैद्यकाला अर्धं शतक लागलं.

१९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी पाय ठणकण्याचं मूळ सरकलेल्या गादीत असतं हे दाखवून दिलं आणि ऑपरेशनं वाढली. पण एक्स-रेत हाडं दिसतात, गादी नाही. म्हणून मायलोग्राम आला. पाठीत सुई घालून मणक्यांच्या पोकळीत पॅन्टोपेक हे आयोडीनयुक्त तेलकट औषध सोडायचं, पेशंटला टेबलावर पालथं बांधायचं आणि टेबल कधी डोक्याकडे, कधी पायाकडे कलतं करायचं. औषध जिथे अडलं तिथे दाब. नंतर ते तेल सुईनेच परत ओढून घेत, पण सगळं निघत नसे. उरलेले थेंब पुढच्या प्रत्येक एक्स-रेत चमकत राहत. काहींच्या मज्जारज्जूच्या आवरणाला सूज येऊन नसा एकमेकींना चिकटत. म्हणजे दुखणं शोधायला गेलेल्याला दुसरं दुखणं! शिवाय ऑपरेशन झालेल्या पाठीत औषध अडलं, तरी ते गादीने अडवलं की जखमेच्या व्रणाने, हे कळत नसेच.

सीटी १९७१ मध्ये लंडनला सुरू झाला, एमआरआय १९८६ मध्ये दिल्लीच्या इन्मास संस्थेत पोचला. खरी उकल मात्र १९८८च्या सुमारास एमआरआयच्या वेळी दिलेल्या गॅडोलिनियमच्या इंजेक्शनाने झाली. व्रणात रक्तवाहिन्या असतात, म्हणून तो लगेच उजळतो. गादीच्या तुकड्यात त्या नसतात, म्हणून तो सुरुवातीला काळाच राहतो.

ऑपरेशननंतरच्या तपासणीत स्क्रू-पट्ट्यांनी निराळीच पंचाईत केली. १९९४ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे अतुल गोयल आणि विजय लाहेरी यांनी मानेचे वरचे दोन मणके स्क्रू-पट्टीने जखडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे ती जगभर गेली. तिथे मेंदूला रक्त नेणारी धमनी स्क्रूच्या अगदी जवळून जाते, आणि एमआरआयमध्ये धातूभोवती नेमका काळा डाग पडतो. टायटॅनियमने तो स्टीलपेक्षा कमी पडतो, पण पडतोच. म्हणून स्क्रूची जागा सीटीत पाहतात, मज्जारज्जू एमआरआयमध्ये. सांधा हलतोय का, एवढं तपासायला मान पुढे-मागे वाकवून साधा एक्स-रेच काढतात.