हिवताप, तीव्र
प्लास्मोडियम प्रजातीतील परजीवींमुळे होणाऱ्या हिवतापाचे प्राणघातक रूप. यातील बहुतांश मृत्यूंस फाल्सिपॅरम ही जाती कारणीभूत असून, तिने ग्रासलेल्या तांबड्या पेशी केशवाहिन्यांच्या भित्तींस चिकटून रक्तप्रवाह रोधितात आणि मेंदू बाधित झाल्यास आकडी, बेशुद्धी व, उपचारास विलंब लागल्यास, मृत्यू ओढवतो. लहान बालके व गर्भवती स्त्रिया यांना हा धोका विशेष. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीचा ताप सौम्य मानण्याचा जुना रिवाज घातक होय, कारण त्यानेही तीव्र रक्तक्षय व श्वसनविकार संभवतात. आग्नेय आशियात माकडांपासून मनुष्यास बाधणाऱ्या नोलेसी या जातीचे जननचक्र अवघ्या २४ तासांचे असल्याने परजीवी झपाट्याने वाढतात. उपचारात शिरेतून दिलेले आर्टेसुनेट हे औषध क्विनीनपेक्षा अधिक प्राण वाचविते, हे २००५ मधील आशियाई व २०१० मधील आफ्रिकी चाचण्यांनी सिद्ध केले. महाराष्ट्रातील गडचिरोलीच्या अरण्यमय मुलुखात मात्र रुग्ण वेळीच इस्पितळात पोहोचविणे हेच प्रथम निकडीचे ठरते.