आकडा मोठा, दिवा ओला

मृगाला आठवडा उरला की कोकणातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत एक संवाद हमखास ऐकू येतो. गिऱ्हाईक विचारतं, ‘बाहेर लावायचाय, पावसात टिकेल ना?’ दुकानदार खोक्यावरच्या आकड्यावर बोट ठेवतो. ‘सदुसष्ट आहे काका, बिनधास्त लावा.’ काका हातातला पासष्टचा दिवा परत ठेवतात, थोडे जास्त पैसे मोजतात आणि निर्धास्त मनानं घरी जातात. मीही तसाच गेलो होतो. गेटच्या खांबावर लावलेला तो दिवा गणपतीपर्यंत टिकला नाही. त्या दिव्याकडे पुढे येऊच. आधी त्या आकड्यामागचा समज तपासू.

हा समज अडाणीपणाचा नाही, म्हणून त्याची बाजू नीट मांडायला हवी. पूर्वपक्ष असा: खोक्यावर ‘आयपी’पुढे छापलेले दोन आकडे कुण्या कंपनीच्या मनचे नसतात, ते आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून येतात आणि भारतीय मानकांनीही तेच स्वीकारलं आहे. पहिला आकडा ० ते ६, तो धुळीचा. दुसरा ० ते ९, तो पाण्याचा. आकडा जितका वरचा तितकी परीक्षा कठीण. बाहेरची जागा ओली आणि धुळीची असते, किमतीतला फरक फारसा नसतो, मग सगळ्यात मोठा आकडा घेण्यात तोटा काय?

वरवर बिनतोड दिसणाऱ्या या युक्तिवादात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. आकडे म्हणजे सरळ चढत जाणारी शिडी आहे, ही पहिली. प्रयोगशाळेतली चाचणी म्हणजे पाऊसच, ही दुसरी. आणि पाणी बाहेरून जोर लावूनच आत शिरतं, ही तिसरी. तिन्ही चुकीच्या आहेत.

शिडीपासून सुरुवात करू. पाण्याच्या आकड्यात १ ते ६ पर्यंत शिडी खरी आहे. १ आणि २ म्हणजे वरून पडणारे थेंब, आपल्या भाषेत पागोळ्या. ३ म्हणजे तिरका शिडकावा, ४ म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी. ५ ला ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटरचा झोत मारतात. ६ ला तोटी साडेबारा मिलिमीटरची होते आणि पाणी मिनिटाला शंभर लिटर. सहावी पायरी चढलेला दिवा खालच्या पाचही चढलेला असतो, असं मानक स्वतः सांगतं.

सातव्या आकड्यापाशी मात्र ही शिडी संपते आणि दुसरी सुरू होते. ७ म्हणजे बुडवणं: दिवा मीटरभर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कठीण बुडवणं, ज्याच्या अटी उत्पादक आणि ग्राहक मिळून ठरवतात. २०१३ साली आलेला ९ हा आकडा तर ८० अंशांच्या गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचा आहे. त्याचा अंगणातल्या दिव्याशी संबंध नाही. मानकात स्पष्ट म्हटलं आहे की फक्त ७ किंवा ८ आकडा असलेली वस्तू ५ आणि ६ च्या झोतांना योग्य नाही असंच समजावं. दोन्ही परीक्षा दिल्या असतील तर दोन्ही आकडे छापायचे, ‘आयपी ६५/६७’ असे. यामागचं कारण साधं आहे. बुडालेल्या दिव्याच्या रबरी कडीवर पाणी चहूबाजूंनी सारखं दाबतं, त्यानं कडी उलट घट्ट बसू शकते. झोत मात्र एकाच जागी आपटतो आणि कडीची कड उचलतो. विहिरीत सूर मारणाऱ्याला वाऱ्यात छत्री सांभाळता येतेच असं नाही. भिंतीवरच्या दिव्याला तर वाऱ्याशीच सामना असतो. म्हणजे नुसतं ६७ हे ६५ च्या पुढचं पाऊल नसून वेगळ्या वाटेचं पाऊल आहे.

आता चाचणी आणि पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवस मुंबईला विसरता येणार नाही. सरासरी काढली तर तासाला सुमारे ३९ मिलिमीटर. पाण्याच्या सगळ्यात खालच्या, म्हणजे पहिल्या आकड्याच्या चाचणीत मिनिटाला १ मिलिमीटर पाणी ठिबकवतात, म्हणजे तासाच्या हिशेबानं ६० मिलिमीटर. दुसऱ्या आकड्याला मिनिटाला ३, म्हणजे १८०. त्या दिवशी बराचसा पाऊस थोड्या तासांत कोसळला, म्हणून सरासरीच्या चौपट धरला तरी तो दुसऱ्या आकड्याच्या आसपासच राहतो! याचा अर्थ पागोळ्यांच्या परीक्षेत पास झालेला दिवा कोकणात उघड्यावर टिकेल असा नाही. अर्थ एवढाच की पावसाचा जोर ही खरी अडचणच नाही. अडचण आहे झडीच्या तिरपेपणाची, आणि त्याहून मोठी काळाची. पहिल्या आकड्याची चाचणी दहा मिनिटांची असते, आपला पावसाळा चार महिन्यांचा.

शिवाय मानकानं आपली हद्द स्वतःच आखून दिली आहे. गंज, बुरशी, ऊन, किडे आणि आत साचणारं दव या गोष्टी आयपी आकड्यात येत नाहीत, त्या ज्या त्या वस्तूच्या मानकानं पाहाव्यात असं तिथे म्हटलं आहे. चाचणीला वापरतात ते गोडं पाणी, आणि दिवा असतो कोरा करकरीत. मे महिन्याच्या उन्हात कडक झालेलं रबर आणि खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेले स्क्रू त्या परीक्षेत बसतच नाहीत. रत्नागिरी-मालवणकडे दिवे मरतात ते बहुधा स्क्रूपासून. स्क्रू गंजला की झाकण सैल होतं, झाकण सैल झालं की खोक्यावरचा आकडा खोक्यावरच राहतो.

तिसरं गृहीतक सगळ्यात खोलवर रुजलेलं आहे, म्हणून तिथे जरा थांबू. दिवा म्हणजे हवा कोंडलेला डबा. दिवा पेटला की आतली हवा तापते, फुगते आणि फटीफटीतून थोडी बाहेर जाते. आता आपल्याकडचा नित्याचा प्रसंग घ्या: पावसाची जोरदार सर येते आणि त्याच क्षणी वीज जाते. तापलेला डबा विझतो आणि त्यावर गार पाणी कोसळतं. आतली हवा ६५ अंशांवरून २५ वर आली आणि बाहेरून हवा आत घ्यायला वाट नसेल, तर आतला दाब जवळपास १२ टक्क्यांनी घटतो. ही ओढ सुमारे १.२ मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी होते. सदुसष्टची परीक्षा मीटरभर पाण्याची. म्हणजे खांबावरचा दिवा एका सरीत, एकदाही न बुडता, त्या परीक्षेहून जास्त ओढ सोसतो. शिवाय त्या परीक्षेत पाणी आणि दिवा यांच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक चालत नाही. जो धक्का आपल्या दिव्याला रोज बसतो, तोच तिथे नियमानं टाळलेला आहे.

आता माझा दिवा. भाद्रपदात तो उघडला तेव्हा काचेच्या आतून दव धरलं होतं, तळाला दोन चमचे पाणी होतं, ड्रायव्हरच्या कडेला हिरवी बुरशी आणि मेलेल्या मुंग्या. रबराची कडी नव्यासारखी. झाकणाचे स्क्रू घट्ट. मग पाणी आलं कुठून? वायरमननं वायर ओढून दाखवली. वायर जिथून आत शिरते तो ग्लँड गोल, वायर चपटी. दोन्ही बाजूंना काडी जाईल एवढी फट, त्यावर काळी टेप गुंडाळलेली. वायरचं दुसरं टोक खांबाच्या मागे उघड्या जंक्शन बॉक्समध्ये, आणि तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी सरकत आलेलं, समईच्या वातीतून तेल चढतं तसं. दिव्यानं पाणी अडवलं नाही, उलट ओढून घेतलं. आणि एकदा आत आलेलं पाणी त्याच्या घट्टपणामुळेच बाहेर पडेना.

सासरेबुवांच्या घरी पडवीत एक जुना बल्कहेड दिवा आहे. त्याला तळाशी पाणी निथळायला बारीक भोक आहे. त्याच्यावर कसलाही आकडा नाही आणि काच कायम कोरडी. चांगले दिवे बनवणारे हीच गोष्ट आता सुधारून करतात: डब्याला टेफ्लॉनच्या सूक्ष्मछिद्री पडद्याची छोटी झडप बसवतात. तिच्यातून हवा ये-जा करते, पाण्याचा थेंब मात्र आत येऊ शकत नाही. श्वास घेऊ देणारा पासष्ट, श्वास कोंडणाऱ्या सदुसष्टपेक्षा खांबावर जास्त टिकतो.

इथे कोणी म्हणेल, मग ६७ आणि ६८ ही फसवणूकच म्हणायची का? मुळीच नाही. जमिनीत गाडलेल्या दिव्यावर पाणी साचतं, तिथे ६७ हवाच, आणि खाली पाणी निचरायला खडीचा थरही. कारंज्यात ६८ हवा, पण किती खोल आणि किती वेळ हे विचारून. माझा आक्षेप त्या आकड्यांवर नसून ते सरसकट मागण्यावर आहे. ‘थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील’ हा युक्तिवादही मला मान्य आहे, फक्त ते पैसे योग्य ठिकाणी जावेत: मापाचा ग्लँड, ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे स्क्रू, जोडासाठी बंद बॉक्स. आणि सगळ्यात आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की ती तोडणारा स्विच. पाणी आत गेलंच तर जीव वाचवायला आयपीचा कुठलाही आकडा उपयोगी पडत नाही, चांगलं अर्थिंग आणि हा आरसीसीबी पडतो.

तर निर्णय जागेवरून करावा. वळचणीखाली, पडवीत, जिथे झडीचे शिंतोडेच येतात, तिथे ५४ पुरतो. ४४ नको म्हणतो ते पाण्यासाठी नव्हे, पहिल्या आकड्यासाठी. ४ म्हणजे मिलिमीटरभर जाडीची तार आत जात नाही, एवढीच हमी. पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारी चिलटं त्याहून बारीक असतात. पाण्याच्या आकड्यावरून वाद घालणारे आपण हा पहिला आकडा बघतही नाही. उघडी भिंत, गेट, अंगणातला खांब यांना ६५ योग्य, शक्यतो झडपेसह. जिथे समुद्राचे तुषार थेट येतात किंवा नळीनं धुतलं जातं, तिथे ६६. त्यापुढचे आकडे फक्त जिथे दिवा खरोखर बुडेल तिथे.

आणि कुठलाही दिवा असो, वायर खालून आत न्यावी. शिरण्याआधी ती थोडी लोंबती ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडतं. कंपनीनं न पाडलेलं भोक वायरमननं डब्याला पाडलं की त्या दिव्याचा आकडा शून्य झाला असं समजावं.

माझ्या गेटवर पुन्हा दिवा लावला तो त्याच कंपनीचा, तोच सदुसष्टचा. वायर गोल घेतली, ग्लँड तिच्या मापाचा बसवला, खांबामागच्या जोडाला बंद बॉक्स लावला. दुसरा पावसाळा चालू आहे आणि काच कोरडी आहे.